कॅलेंडरमागचा तक्ता

गेल्या ईदला माझ्या धाकट्या भावाने दोहाहून मुलांसाठी ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ हा निंटेंडोचा व्हिडिओ गेम आणला. गेम २०१९ सालचा, पण आमच्या घरात नवाच. हा बसून खेळायचा नाही. हातात प्लास्टिकचं कडं धरायचं, डाव्या मांडीला पट्टा बांधायचा. जागच्या जागी धावलं की पडद्यावरचा गडी पुढे धावतो. कडं दाबत, उठाबशा काढत राक्षसांना हरवायचं. आमच्या इमारतीला अंगण नाही. मुलगी सातवीत गेली तशी तिची सायकलही बंद झाली (कोणी बंद केली, ते विचारू नका). मला तर ही नेमतच वाटली. खालच्या मजल्यावर धपधप ऐकू जाऊ नये म्हणून धावण्याऐवजी नुसते गुडघे वाकवायची सोयसुद्धा त्यात आहे.

मग माझ्यातली बाई जागी झाली. वीस वर्षं वर्गात पहिला-दुसरा नंबर लावायची सवय! जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले. रोज कोणाच्या किती उठाबशा, कोण किती धावलं. मुलगा चेकाळला. मुलगी आठवडाभर त्याच्या मागे लागली, मग तिचे पाय दुखू लागले, मग गृहपाठ वाढला. तिसऱ्या आठवड्यात तिचा रकाना कोराच.

मी रागावले. ती म्हणाली, “अम्मी, भाईजानच जिंकणार हे तुलाही माहीत आहे. मग लिहितेस कशाला?”

त्या रात्री गेम नीट पाहिला. प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि व्यायाम किती कठीण हवा तेही ज्याचं त्याने १ ते ३० मध्ये ठरवायचं. मुलगा २० वर, ती ८ वर. ८ वर ती घामाने भिजत होती, पण माझ्या तक्त्यात तेवढं मोजायला रकानाच नव्हता. गेम बनवणाऱ्यांना जे सुचलं, ते बी.एड. झालेल्या मला सुचू नये?

तक्ता काढला. लगेच काही ती उठली नाही. दहा-बारा दिवसांनी, मगरिबनंतर, मीच पट्टा बांधून उभी राहिले. खातं उघडलं, ३ वर. पाचव्या उठाबशीला धापा टाकत होते. आतल्या खोलीतून हसू आलं, मग ती स्वतःच आली.

“अम्मी, गुडघे आणखी वाकव. आणि घाई कसली? मी मोजत नाहीये.”