गव्याचे पाय

सातारा ते सांगली एसटीत मी मांडीवर एक फळी घेऊन बसले होते. जुन्या चादरीत गुंडाळलेली. कराडला शेजारी येऊन बसलेल्या आजींनी विचारलं, "आरसा हाय का, बाई?" मी म्हटलं, "नाही आजी, गवा आहे." त्यानंतर त्या उतरेपर्यंत खिडकीबाहेरच बघत होत्या.

फळीवर गवा होता हे खरं. सोळा इंच बाय बारा इंच. एग टेम्परात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत काढलेला. चाळिशी ओलांडल्यावर माणसं योगा करतात, मी हे सुरू केलं. सांगलीत माझी एक मैत्रीण कलाशिक्षिका आहे, एका प्रशिक्षणात ओळख झालेली. तिनं दिवाळीच्या सुट्टीत मला शिकवलं. प्लायवूडवर खडूची पूड आणि सरस यांचे सातआठ पातळ हात द्यायचे, पॉलिशपेपरनं घासून ते अंड्याच्या टरफलासारखं गुळगुळीत करायचं. मग अंडं फोडून पांढरं सांडून द्यायचं, बलक तळहातावरून तळहातावर घेत कोरडा करायचा, वरचं पापुद्र्यासारखं आवरण चिमटीत धरून टोचायचं आणि आतला पिवळा रस तेवढा वाटीत काढायचा. त्यात थोडं पाणी, आणि पाण्यात घोटलेली गेरू, पिवळी माती, काजळी. दुसऱ्या दिवशी हा रस वास मारतो, म्हणून रोज नवं अंडं. रंग फळीवर टेकला की काही सेकंदांत वाळतो. तैलरंगासारखं एकात एक मिसळत बसता येत नाही. बारीक रेघेशेजारी रेघ, रेघेवर रेघ, असं शेकडो रेघांनी अंग भरत न्यायचं.

सन १४०० च्या सुमारास इटलीत चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकारानं या कामाचं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की तरुण चेहरे रंगवायला शहरातल्या कोंबडीचं अंडं घ्या, त्याचा बलक फिका असतो. म्हाताऱ्या, सावळ्या चेहऱ्यांना खेड्यातल्या कोंबडीचं लालसर बलकाचं चालतं. हे वाचून मी हसले. सहाशे वर्षांपूर्वी तिकडेही गावरान आणि पोल्ट्री होतंच की. गवा काळासावळा, म्हणून मी गावरान अंडी आणली. ती महाग पडली, आणि खरं सांगायचं तर काही फरक दिसला नाही.

अम्मीला अंड्यांचं वाईट वाटलं आणि गव्याचंही. जानदाराची तस्वीर घरात तिला आवडत नाही. "मैं नमाज पढती वहाँ नक्को," एवढंच म्हणाली. मी फळी स्वयंपाकघरात फडताळाच्या वर ठेवली. या विषयावर आमच्या घरी भांडण होत नाही, नुसत्या वस्तूंच्या जागा बदलतात. अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त बादशहा अकबराचं एक म्हणणं नोंदवलंय: चित्रकार सजीव प्राणी काढतो, एकेक अवयव काढतो, पण त्यात जीव घालता येत नाही हे त्याला कळतं, आणि म्हणून त्याला जीव देणाऱ्याची आठवण येते. मी हे अम्मीला सांगितलं. ती म्हणाली, अकबरचं काय सांगतेस.

असो. सांगली.

मैत्रिणीनं तिच्या घरी रविवारी तिघांना बोलावलं होतं. ती स्वतः, कला महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी, आणि एक चाचा, ज्यांनी आयुष्यभर दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागच्या पाट्या आणि एकेकाळी सिनेमाचे बॅनर रंगवले. फ्लेक्स आल्यावर काम गेलं. आता नातवंडांना शाळेत सोडतात. फळी खुर्चीवर उभी केली, खिडकीजवळ. चहा आला. कुणी काही बोलेना.

वीस वर्षं मी वह्या तपासतेय. उर्दूच्याही आणि मराठीच्याही. निकाल ऐकायला समोर उभं राहणं काय असतं हे मी विसरले होते. छातीत धडधडत होतं, ते लपवायला मी मीच बोलत सुटले. जहांगीर बादशहाच्या दरबारातला उस्ताद मन्सूर, त्याला 'नादिर-उल-अस्र' म्हणजे युगातला दुर्मीळ असा किताब होता, त्यानं पक्षी काढले, १६२१ मध्ये झेब्रा काढला, वगैरे वगैरे. तो झेब्रा दरबारात आला तेव्हा लोकांना वाटलं, कुणीतरी अंगावर पट्टे रंगवलेत. नीट तपासून पाहिलं तेव्हा खात्री पटली. हे जहांगीरनं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय.

चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे त्यानं जनावर समोर बघून काढलं. तुम्ही कशावरनं काढलं, मॅडम?"

"फोटोवरून," मी म्हटलं. "चांदोलीतला. कॅलेंडरवरचा."

"तेच."

आता तिघं बोलायला लागले. कॉलेजच्या मुलीनं आधी माफी मागितली आणि मग सगळ्यात कडक तीच बोलली. गवा काळा आहे म्हणून मी काजळी वापरली, त्यामुळे पोट, मान, मांडी सगळं एकाच अंधारात गेलंय. काळ्याच्या खाली आधी गेरूचा हात हवा होता, म्हणजे वरच्या रेघांमधून ऊब दिसली असती. मैत्रिणीनं डोळे बारीक करून पाहायला लावलं. डोळे मिटत आणल्यावर माझा गवा म्हणजे शिंगं असलेलं एक भोक दिसत होतं. ती म्हणाली, "आणि रेघा बघ. सगळ्या एकाच दिशेला, भांग पाडल्यासारख्या. पोटावर रेघ गोल फिरायला पाहिजे, खांद्यावर वर चढायला पाहिजे. तू अंग काढलं नाहीस, केस विंचरलेस."

मी वहीत लिहून घेत होते. लिहून घेतलं की चेहरा खाली राहतो.

मग चाचा उठून जवळ आले. चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटानं खालचं गवत दाखवलं. गवत मी फार मन लावून काढलं होतं, एकेक पातं, दोन संध्याकाळी लागल्या होत्या. "पाय येत नाहीत म्हणून गवत काढलंय ना?"

खोलीत सगळे हसले, मीही हसले. पण खरं होतं. गव्याचे पाय गुडघ्यापासून खाली पांढरे असतात, मोजे घातल्यासारखे, आणि एवढ्या थोरल्या धडाला खूर अगदी लहान. ते मला तीनदा काढून जमले नव्हते. चौथ्यांदा गवत उगवलं.

ही चाल मला ओळखीची आहे. वेलांटी पहिली की दुसरी हे ठाऊक नसलं की मुलं ती अशी काढतात की दोन्ही वाचता यावी. उर्दूत शब्द 'से'नं लिहायचा, 'सीन'नं की 'स्वाद'नं अशी शंका आली की तिथं नेमका शाईचा डाग पडतो. मी अशा जागा लांबून पकडते आणि दोनदा गोल करते.

चाचा मात्र तिथं थांबले नाहीत. ते खांद्याकडे गेले. गव्याच्या पाठीवर खांद्यापासून मध्यापर्यंत एक उंच कणा असतो, तो मधेच पायरी उतरल्यासारखा खाली येतो. "इथं काही करू नका," ते म्हणाले. "हे बरोबर आलंय. हे बघून काढलंय." मी गवा आयुष्यात एकदाच पाहिलाय, महाबळेश्वरच्या रस्त्यावर, गाडीच्या दिव्यात. वळणावरून तो खाली उतरला तेव्हा फक्त पाठ दिसली होती. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

मग ते २०२१ च्या डिसेंबरअखेरचं सांगायला लागले. सांगली शहरात गवा आला होता, मार्केट यार्डाच्या भागात, जिथं हळदीचे आणि बेदाण्याचे सौदे निघतात. वनखात्यानं त्याला पकडून पुन्हा जंगलात सोडलं. चाचा गर्दीत होते. "तुमचा मान वर करून उभा आहे, कॅलेंडरसारखा. तो तसा नव्हता. कान मागं, मान खाली. माणसं मोबाईल धरून, ओरडत. आणि तो ओरडत नव्हता हो. लोक म्हणतात डुरकला, डुरकला. मी उभा होतो. नाकातनं नुसता आवाज, शिट्टी मारल्यासारखा."

माझा पेन थांबला.

बऱ्याच वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. गाव पाटणच्या बाजूचं, कोयनेच्या जंगलाला लागून. निबंधाचा विषय होता 'मी पाहिलेला प्राणी'. बाकीच्यांनी मांजर आणि राणीच्या बागेतला हत्ती लिहिला. यानं गवा लिहिला. उसात आलेला. त्यात एक वाक्य होतं, की गव्यानं नाकातून शिट्टी मारली. मी त्याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'प्राणी शिट्टी मारतात का?' तेवढ्यावर भागलं नाही. मी ते वर्गात वाचून दाखवलं. वर्ग हसला. पुढे कित्येक दिवस मुलं त्याला बघून शिट्टी मारत. नंतर त्याच्या निबंधात गाय उपयुक्त पशू असायची आणि ती दूध द्यायची. चुका कमी झाल्या होत्या, आणि मी त्याचे गुण वाढवले.

सांगलीहून परतताना मी मोबाईलवर शोधून पाहिलं. पुस्तकांतही गव्याच्या इशाऱ्याच्या आवाजाचं वर्णन शिट्टीसारखा फुत्कार असंच केलेलं आहे.

आमच्या उर्दूत शायरीला उस्तादाकडून दुरुस्ती घेण्याला 'इस्लाह' म्हणतात. ती टपालानंही चाले. इक्बाल तरुणपणी आपल्या गझला दाग देहलवींना हैदराबादला पाठवत, आणि थोड्याच दिवसांत दागनी कळवलं की यात आता दुरुस्तीला फारसं काही उरलेलं नाही. उस्ताद एखादा शब्द खोडून दुसरा सुचवायचा. पण शेर चांगला असला तर त्याच्या शेजारी 'स्वाद' हे अक्षर काढायचा. 'सही'चं पहिलं अक्षर. शागीर्द पत्र उघडलं की आधी स्वाद शोधायचे, खोडाखोड मागाहून. हे मी दहावीला दर वर्षी शिकवते. माझ्या लाल पेनातून आजवर किती स्वाद उतरले, ते मोजायला बसले तर एसटी साताऱ्याला पोहोचायच्या आत मोजून होतील.

घरी येऊन ब्लेड घेतलं. टेम्परा वाळला तरी पहिल्या काही दिवसांत खरवडता येतो, खालचा खडू पांढरा निघतो. गवत खरवडलं. दोन संध्याकाळींचं काम वीस मिनिटांत भुसा झालं. अम्मी दारात उभी राहून बघत होती. "मिटा दी?" तिनं विचारलं. आवाजात समाधान होतं की वाईट वाटणं, मला कळलं नाही. "नाही," मी म्हटलं, "पाय काढायचेत." ती आत गेली आणि थोड्या वेळानं फ्रीजमधलं एक अंडं आणून वाटीत ठेवून गेली. पोल्ट्रीचं.

त्या बॅचच्या मुलांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, सणाच्या शुभेच्छांपुरता. त्यातून नंबर काढून त्याला मेसेज लिहिला. तीनदा लिहून खोडला. शेवटी एवढंच पाठवलं: तू आठवीत गव्यावर निबंध लिहिला होतास, त्यातलं शिट्टीचं वाक्य बरोबर होतं, माझी खूण चुकली होती, आणि मी ते वर्गात वाचायला नको होतं.

रात्री उत्तर आलं. "नमस्ते मॅडम. निबंध आठवत नाही." त्याखाली आणखी एक: "पण शिट्टी मारतोच तो. मागच्या आठवड्यात उसात होता. फोटो पाठवू?"

मी म्हटलं पाठव, पायांचा असेल तर. त्यानं पाठवला. अंधार, उसाची पानं, टॉर्चचा एक पिवळा गोळा. खाली कडेला, नीट पाहिलं तर, दोन पांढऱ्या काठ्या.