सढळ हाताचं गाणं

ब्रिटिश पंक बँड ‘द क्लॅश’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर त्यांचा बासवादक पॉल सिमोनन येतो : कमरेत वाकून बास गिटार रंगमंचावर आपटणारा, 1979 मधला, न्यू यॉर्कच्या पॅलेडियममधला. छायाचित्रकार पेनी स्मिथला आपणच काढलेलं ते छायाचित्र धूसर वाटत होतं, तरी ‘लंडन कॉलिंग’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर तेच गेलं. मीही त्या चित्रानेच ओढला गेलो. पण इतकी वर्षं हा बँड ऐकल्यावर मला त्या अल्बमची किंमत जास्त मोलाची वाटते. एका तबकडीच्या भावात सोबत एक जादा तबकडी फुकट द्यायला त्यांनी कंपनीला राजी केलं, आणि त्या फुकटच्या तबकडीत नऊ गाणी भरली. पुढच्या वर्षी ‘सँडिनिस्टा!’. तीन तबकड्या, पुन्हा स्वस्तात, आणि त्यापायी ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींच्या मानधनावर पाणी सोडलं. खिशात फारसे पैसे नसलेली पोरं आपली गाणी ऐकतात, हे ते कधी विसरले नाहीत.

पंक म्हणजे संताप, असं सगळे म्हणतात. संताप होताच. पण गायक जो स्ट्रमरच्या त्या घोगऱ्या, शब्द चावत येणाऱ्या आवाजात मला पहिल्यापासून माया ऐकू आली. कुणाबद्दल तरी जीव तुटल्याशिवाय माणूस असा ओरडत नाही. त्याचे वडील लखनौत जन्मलेले, तो स्वतः अंकारात. ब्रिटिश परराष्ट्र खात्यातल्या नोकरीमागे घर देशोदेशी फिरलेलं. सिमोनन ब्रिक्स्टनमध्ये जमैकन रेगे कानात साठवत वाढला. म्हणून 1977 च्या पहिल्याच अल्बममध्ये, त्या धडधडत्या गाण्यांमध्ये, ज्युनिअर मर्व्हिनचं ‘पोलीस अँड थीव्हज’ हे रेगे गाणं सहज येऊन बसलं.

30 एप्रिल 1978 ला पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशद्वेषाविरुद्ध भरलेल्या मोठ्या मेळाव्यात त्यांनी वाजवलं. चारच दिवसांनी, तिथून फार लांब नसलेल्या व्हाइटचॅपलमध्ये, कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या अल्ताब अली या बंगाली तरुणाचा खून झाला. या दोन तारखा मी कधीच वेगळ्या करू शकलेलो नाही. त्या काळी तिथल्या रस्त्यांवर आपल्या वर्णाच्या माणसाला जीव मुठीत धरून चालावं लागे, आणि ही गोरी पोरं उघडपणे त्याच्या बाजूने उभी होती. माझी त्यांच्यावरची निष्ठा मुख्यतः इथून येते; गिटार नंतर.

चाहत्यांसाठी तर त्यांचा हात सढळच होता : 1981 मध्ये न्यू यॉर्कच्या बाँड्स क्लबमध्ये क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली, तेव्हा प्रत्येक तिकीटधारकाला गाणं ऐकवायचंच म्हणून त्यांनी कार्यक्रम वाढवत वाढवत 17 केले.

आपसात मात्र हाच हात आखडला. ‘रॉक द कॅस्बा’ची चाल ड्रमर टॉपर हेडनची, त्यातले ड्रम, पियानो, बास सगळं त्यानेच वाजवलेलं. ते गाणं अमेरिकेत गाजेपर्यंत व्यसनापायी तो बँडबाहेर गेला होता. 1983 मध्ये गिटारवादक मिक जोन्सलाही काढलं, आणि त्याच्याबरोबर सुरांची अर्धी श्रीमंती गेली. 1985 चा शेवटचा अल्बम मी लावत नाही. त्याच्यावर प्रेम करायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

त्यापेक्षा मी नोव्हेंबर 2002 मधलं ॲक्टन टाउन हॉलमधलं ध्वनिमुद्रण ऐकतो. संपावर गेलेल्या अग्निशामक जवानांच्या मदतीसाठी स्ट्रमर आपल्या नव्या साथीदारांसह तिथे गात होता. प्रेक्षकांत मिक जोन्स होता. ‘बँकरॉबर’ सुरू झालं, तसा तो आपण होऊन मंचावर गेला, गिटार घेतली आणि साथ करू लागला. जवळपास 20 वर्षांनी ते दोघे एका मंचावर होते. पाचच आठवड्यांनी, 22 डिसेंबरला, स्ट्रमर गेला. पन्नाशीच गाठली होती त्याने. बँड पुन्हा जमायला हवा होता, असं म्हणणारे चाहते मला भेटतात. मला त्या रात्रीपेक्षा जास्त काही नको आहे. पैसे जवानांना गेले आणि मिक न बोलावता आला.