आधी पाना, मग चावी

अब्बांची चेतक 1996 सालची. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाजच्या कारखान्यात ही स्कूटर 1972 पासून बनू लागली. एक काळ असा होता की पैसे भरून नंबर लावल्यावर गाडी दारात यायला वर्षे लागत. अब्बांना तेवढे थांबावे लागले नाही. त्यांची हयात जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून गेली. दोन फेऱ्यांमधल्या सुटीत त्यांनी ती घेतली आणि निवृत्तीनंतर बाजार, दवाखाना, जुम्मा, मय्यत, सगळीकडे तिच्यावरूनच गेले. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा ती मागच्या पडवीत लागली. कोकणातल्या चार पावसाळ्यांत उभ्या लोखंडाचे काय होते ते सांगायला नको.

आम्ही दोघी जावा. दोघींचेही शौहर आखातात, एक सौदीत, एक कुवेतला. थोरलीची लेक दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिला सायन्सला जायचे होते. कॉलेज दापोलीला, घरापासून अकरा किलोमीटर. सकाळची बस मिळते. पण प्रॅक्टिकलच्या दिवशी परतीची निघून गेलेली असते आणि पुढची येते ती अंधार पडल्यावर. रोजची रिक्षा लावावी तर तिचा खर्च फीपेक्षा जास्त. आमच्या वाडीतल्या हुशार मुली दहावीनंतर घरी का बसल्या असे विचारले तर कोणी दीनचे नाव घेतो, कोणी जमान्याचे. आम्हाला विचाराल तर बऱ्याच जणींना त्या अकरा किलोमीटरनेच घरी बसवले.

"अब्बा, ती स्कूटर आम्हाला शिकवाल का?" असे आम्ही विचारले तेव्हा ते तस्बीह फिरवत होते. ती पुरी केली आणि म्हणाले, "शिकवेन बेटा. पण चालवायची नंतर, आधी उघडायची. भर समुद्रात मेकॅनिकला बोलावता येत नाही."

पडवीत खुर्ची टाकून ते बसले. हात आमचे, नजर त्यांची. पहिल्या दिवशी टाकीतले जुने पेट्रोल काढले. ते पेट्रोल राहिलेच नव्हते, वार्निशसारखा वास येत होता. पेट्रोल वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट डिंकासारखे काही उरते. तेच कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकते. जेट म्हणजे पितळेचा बारका तुकडा, त्याला केसाएवढे भोक. धाकटी सुई घालायला निघाली तसा अब्बांनी हात धरला. सुईने भोक मोठे होते, मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. तांब्याच्या वायरीतला एकच धागा सोलून तो फिरवायचा आणि फुंकर मारायची. टाकीतला गंज मूठभर जुने नट आणि रॉकेल घालून खळखळवून काढला. तीन दिवस हातांचा वास जात नव्हता. अम्मी म्हणायच्या, "भाकऱ्या आज मी थापते गं, तुम्ही लांब राहा."

मग प्लग. प्लगपान्याने तो काढायचा, काळी काजळी पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा टोपीत बसवून त्याचे लोखंडी अंग इंजिनाला टेकवायचे आणि किक मारायची. जवळपास उघडे पेट्रोल असता कामा नये, हे अब्बांनी दहादा बजावले. निळी ठिणगी पडली तर ठीक. आमची पहिली ठिणगी पडली ती पिवळट आणि मरतुकडी. नवा प्लग आणला, तेव्हा निळी पडली. लहान पोरांना ती एवढी आवडली की रोज दाखवा म्हणून मागे लागली.

ही गाडी टू-स्ट्रोक, हे बहिणींनी लक्षात ठेवावे. आजच्या स्कूटरींत इंजिनऑइल वेगळे असते. हिच्यात इंजिनाच्या आत फिरणाऱ्या भागांना वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. एक लिटरला 20 मिली. ते विसरले तर पिस्टन घासून इंजिन जाम होते. गिअरचे ऑइल तेवढे निराळे. औषधाच्या बाटलीचे मापाचे टोपण आम्ही त्यासाठी डिकीत ठेवले आहे.

केबली, टायर, ट्यूब, ब्रेकशू नवे घातले. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून एका भाच्याने पाठवले. क्लचप्लेटा मात्र आम्ही बदलल्या नाहीत. ते काम दापोलीच्या मेकॅनिककडे दिले, कारण सगळे आपणच करायचे हा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तो आधी आमच्या प्रश्नांची उत्तरे अब्बांकडे बघून देत होता. जेट कितीचा आहे असे विचारल्यावर आमच्याकडे बघून देऊ लागला.

गाडी सुरू झाली त्या दिवशी पडवी धुराने भरली आणि अम्मींनी सदका काढला.

चालवणे शिकलो ते भातकापणी झालेल्या मळ्यात, असरनंतर मगरिबच्या अजानपर्यंत. पहिले चार दिवस इंजिन बंदच. एकीने ढकलायचे, दुसरीने तोल सांभाळून ब्रेक लावायचा. आधी थांबायला शिका, हा अब्बांचा दुसरा नियम. मग गिअर. चेतकचे चारही गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबून तीच मूठ फिरवायची, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे न्यूट्रल. मागचा ब्रेक उजव्या पायाशी, पुढचा उजव्या हातात. शिवाय इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे उभी करताना वजन तिकडे ओढते. अब्बा बांधावर बसून नुसत्या आवाजावरून ओरडत, "तिसरा टाक! तिसरा!"

वाडीत बोलणे झाले. एका बुजुर्ग चाचांनी अब्बांना मशिदीच्या पायरीवर गाठले. बायकांनी अशी सवारी करणे बरे दिसते का, असे विचारले. अब्बा म्हणाले, कुरैशच्या बायका उंटावर बसत आणि हदीसमध्ये त्यांचा उल्लेख तारीफ करूनच आला आहे. उंट काय, स्कूटर काय. सौदीहून फोनवर दुसरी बाजू कळली. तिथे 24 जून 2018 पासून बायका मोटारी चालवतात. चाचा गप्प झाले असे नाही. पण पुढच्या महिन्यात त्यांनी आपल्या नातीच्या औषधाची चिठ्ठी धाकटीच्याच हाती दिली.

परवान्याचे थोडक्यात. गिअरच्या आणि बिनगिअरच्या दुचाकीचा परवाना वेगवेगळा असतो, अर्ज करताना नीट बघून खूण करावी. कच्चा परवाना सहा महिने चालतो आणि 30 दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. मधल्या काळात मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणाला बसवता येत नाही. म्हणून पक्का परवाना हाती येईपर्यंत लेक बस आणि रिक्षानेच गेली. हेल्मेट मागे बसणारीलाही लागते. त्याखाली पातळ सुती स्कार्फ आणि पिन एकही नाही. पडल्यावर पिन टोचते. अबाया घोट्याच्या वर शिवून घेतला, आत सलवार. पदर, ओढणी, जे काही असेल ते मागच्या चाकापासून लांब. सवारीची दुआ लेकीने आम्हा दोघींकडून पाठ करून घेतली, उलटे नाही.

खरी पारख झाली ती बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी. दहाची वेळ, गाडीवर धाकटी आणि मागे लेक. अर्ध्या वाटेवर, जिथे फोनला रेंज नाही, गाडी फुर्र करून बंद पडली. रिझर्व्हवर घेतली, उपयोग नाही. मग प्लग काढला. दोन टोकांच्या मधे काजळीचा एक तंतू अडकलेला, त्यामुळे ठिणगीच पडत नव्हती. टू-स्ट्रोकमध्ये हे होतेच. डिकीतला दुसरा प्लग घातला, तिसऱ्या किकला सुरू. लेक दहाला सात मिनिटे कमी असताना आत गेली. संध्याकाळी अब्बांनी सगळे ऐकून घेतले आणि फक्त एवढेच विचारले, "गरम प्लग फडक्याने धरला होता ना?"

कुवेतवाले म्हणतात, बिनगिअरची नवी घेऊन देतो, धूर नाही, बटणावर सुरू. घ्यावी. नव्याने शिकणाऱ्या बहिणीला आम्ही तीच सांगू. चेतक आम्हाला मिळाली म्हणून आम्ही शिकलो. पण लेक आता सतरा वर्षांची आहे आणि परवान्याला अठरा पुरी व्हावी लागतात. तोवर अब्बांनी तिला चावी दिलेली नाही, प्लगपाना दिला आहे. मागच्या रविवारी तिने कार्बोरेटर एकटीने उघडला. एक वायसर उरला आहे, तो कुठला ते दोघे अजून शोधत आहेत.