कंपनीच्या चाकरीतला मिल

चि. मीनल,


पत्र पोचलं. ज्याने उमेदीची सगळी वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत काढली, त्याच्याकडून स्वातंत्र्याचे धडे कशाला घ्यायचे, असं तू रागावून विचारतेस. राग रास्त आहे. त्यात थोडी भरच घालते. जॉन स्टुअर्ट मिल 1823 साली सतरा वर्षांचा असताना वडिलांच्या हाताखाली लंडनच्या कचेरीत लागला. 1858 मध्ये कंपनीचं राज्य संपलं, तेव्हा बाहेर पडला. पुढच्याच वर्षी ‘ऑन लिबर्टी’ आलं, आणि त्यात सुरुवातीलाच मेख मारलेली: हे तत्त्व वयात आलेल्या समाजांसाठी, बाकीच्यांना सुधारायचं असेल तर एकतंत्री राज्यही चालेल. म्हणजे आपण पाळण्यात आणि दोरी कंपनीच्या हातात!

गंमत अशी की याच माणसाने 1851 साली हॅरिएट टेलरशी लग्न करताना, कायद्याने नवऱ्याला बायकोवर मिळणारे हक्क मला नकोत, असं लिहून ठेवलं. घरातला अन्याय दिसला, कचेरीतला दिसला नाही. पगारामुळे डोळे झाकले, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. आपण समोरच्याचं भलंच करतोय अशी एकदा खात्री पटली की त्याला काही विचारायचं आपल्याला सुचतच नाही. तुझ्या लग्नाबद्दल सल्ले देताना आम्ही सगळ्या मावश्या मिलच असतो.

पण पुस्तक मिलच्या हाती राहिलं नाही. पुण्यात आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवले. सरकारइतकीच समाजाच्या मताचीही जुलूमशाही असते, हे मिलचं म्हणणं लंडनच्या दिवाणखान्यात जरा हवेतलं वाटत असेल. पुण्याच्या पेठांत ते रोजचं होतं. 1890 सालचं पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधलं चहाचं प्रकरण आठव. एका कपापायी बहिष्काराची भाषा झाली, आणि रानड्यांसारख्या न्यायाधीशालाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. सरकारचा कुठलाही कायदा आडवा आला नव्हता. आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ काढला, बालविवाह आणि विधवांच्या केशवपनावर लिहिलं, तर लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. मिलच्या हिशेबात ज्या समाजाचं बाळपण सरलं नव्हतं, त्यातल्याच एका दमेकरी मास्तराने मिलचं तत्त्व मिलपेक्षा महाग किमतीला घेतलं.

त्याआधी फुल्यांनी हेच केलं होतं. टॉमस पेन वाचला, आणि 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्या अमेरिकेत काळ्या माणसांचे हाल संपले नव्हते, हा हिशेब वेगळा. फुल्यांना विचार हवा होता, त्याच्या मालकाचं चारित्र्याचं प्रशस्तिपत्र नव्हे.

तेव्हा मिल लायब्ररीत परत करू नकोस. समासात भांडण लिहीत वाच (पुस्तक लायब्ररीचं आहे, तेव्हा पेन्सिलीने). मिलचंच ‘सब्जेक्शन ऑफ विमेन’ नंतर घे. आधी बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची 1882 सालची ‘स्त्री-पुरुष तुलना’ वाच. बाईंना कुणा साहेबाच्या परवानगीची गरज पडली नव्हती. माझ्याकडची प्रत तुझ्या बाबांबरोबर पाठवते. तुझ्या आईला सांग, लोणच्याची बरणी रिकामी करून परत धाडायची आहे.

तुझी,
मावशी