घाटातली पंचावन्नची स्पीड

२२ जुलै २०२१च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि गाडी खाली अंगणात होती. सकाळी वरून पाहिलं तर फक्त तिचं छप्पर दिसत होतं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं. सीटवर चिखलाचा जाड थर, डॅशबोर्डमध्ये गवत आणि क्लचच्या पायाशी कुणाच्या तरी घरातली एक चप्पल.

गाडी म्हणजे २००६ सालची पेट्रोल स्विफ्ट. गंमत अशी की नोंदणीची पंधरा वर्षंही त्याच महिन्यात संपत होती. शेजारी म्हणाले, भंगारात द्या. मेहुण्याने हिशेब मांडला : दुरुस्तीला पन्नास हजार, वर पासिंगचा खर्च, पर्यावरण कर. एवढ्यात दुसऱ्या गाडीचं डाउन पेमेंट होतं. विमा फक्त थर्ड पार्टीचा, त्यामुळे तिकडून एक पैसाही येणार नव्हता. घरात फ्रीज नाही, गाद्या नाहीत, आणि मी त्या गाडीतला चिखल खराट्याने काढत बसलो होतो. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला माझा मुलगा शेजारी बादली घेऊन उभा होता. त्याने विचारलं, "अब्बा, इतकं काय आहे ह्या गाडीत?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. चार-पाच वर्षं उलटली, ते अजून डोक्यात आहे.

उत्तराची सुरुवात कुर्ल्यात होते. माझ्या मामूंचं तिथे छोटं गॅरेज होतं. कुर्ला आणि फियाट हे नातं जुन्या मुंबईकरांना सांगायला नको. प्रीमियर पद्मिनी तिथल्याच कारखान्यात तयार व्हायची आणि २००१ साली आलेली फियाट पॅलिओही सुरुवातीला तिथेच बनायची. पॅलिओच्या जाहिरातीत सचिन होता, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत होतं. पण मामूंना त्यातली १.६ लिटरची आवृत्तीच आवडायची. लहान गाडी, मोठं इंजिन, १०० अश्वशक्ती. मारुती ८०० ची ताकद चाळिशीच्या आत असायची, त्या काळातली ही गोष्ट.

२००३ साली मी डीएड करून नोकरीच्या शोधात मामूंकडे राहत होतो. एका गिऱ्हाइकाच्या पॅलिओची सर्व्हिस झाली होती. रात्री अकराला मामू म्हणाले, चल, ट्रायल घेऊन येऊ. ईस्टर्न एक्स्प्रेसवर त्यांनी मला चालवायला दिली. मी लगेच ॲक्सिलरेटर दाबला आणि काट्याकडे बघायला लागलो. मामूंनी हात पुढे करून मीटर झाकला. म्हणाले, "मीटर मत देख. गाडी क्या बोल रही है, वो सुन."

मी ऐकायचा प्रयत्न केला. इंजिनाचा आवाज कानाला कळत होता, पण मामू तेवढंच म्हणत नव्हते. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला लागत होता. डांबर कुठे खडबडीत आहे, कुठे नवा थर आहे, पुलाचा जोड कुठे आला, सगळं तळव्यांना कळत होतं. वळणावर गाडी किती कलते ते पाठीला कळत होतं. परत येताना मामूंनी सगळा धडा तीन वाक्यांत संपवला. मोठी गाडी तुला रस्त्यापासून वाचवते. छोटी गाडी तुला रस्त्याशी भेटवते. पण भेटायला अदब लागते.

तीन वर्षांनी शाळेत कायम झालो आणि स्विफ्ट घेतली. ती २००५च्या मे महिन्यात भारतात आली होती. अब्बांना वॅगन आर हवी होती, कारण त्यात उंच बसता येतं आणि सामान राहतं. स्विफ्टची डिकी लहान, मागची सीट अंधारी. अम्मी म्हणाली, "ह्यात पाहुणे कुठे बसवायचे?" त्यांचं म्हणणं खरंच होतं. मी मात्र आकडे पाहून बसलो होतो. १.३ लिटरचं इंजिन, ८७ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम एक टन. लांबी ३.७ मीटरच्या आत, पण चाकं अगदी चारी कोपऱ्यांत.

चाकं कोपऱ्यात असण्याने काय होतं? आपल्याकडचे लोक हे न शिकता जाणतात. ज्या टेबलाचे पाय आत असतात ते कडेला हात टेकला की डुगडुगतं, कोपऱ्यात पाय असलेलं उभं राहतं. गाडीचं तसंच. त्यात वजन कमी आणि बसण्याची जागा खाली. वळण आलं की स्टिअरिंग फिरवण्यात आणि गाडी वळण्यात वेळच जात नाही. उंच एसयूव्हीत आधी अंग एका बाजूला कलतं, मग गाडी वळते. स्विफ्टमध्ये दोन्ही एकदमच. पॅलिओइतकं तिचं स्टिअरिंग बोलत नाही, हे मी कबूल करतो. पण जे बोलते ते खरं बोलते.

आणि हे कळायला शंभरची स्पीड लागत नाही. इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. शौकीन म्हणजे वेडा, बेफाम पळवणारा, असं आपल्याकडे समजतात. मोठ्या ताकदीच्या गाडीची मजा जिथे सुरू होते तिथे कायदा आणि आयुष्य दोन्ही संपायची वेळ आलेली असते. लहान गाडीची मजा पंचेचाळीस-पन्नासलाच सुरू होते. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढताना सेकंड आणि थर्ड एवढे दोनच गिअर लागतात. वळणाआधी सरळ रस्त्यातच ब्रेक, गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, चाकं रस्त्याला घट्ट धरतात, मग स्टिअरिंग, मग हळूहळू ॲक्सिलरेटर. एक वळण नीट जमलं की सुतारकाम करणाऱ्याला दोन फळ्यांचा जोड बिनफटीचा बसल्यावर वाटत असेल तसं वाटतं. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

ह्या जातीच्या गाड्यांचा जन्म तंगीतून झाला, हे मला नंतर वाचताना कळलं. १९५६ साली नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं, युद्ध झालं, कालवा बंद पडला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग लागलं. तेव्हा ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने ॲलेक इसिगोनिस ह्या अभियंत्याला कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी करायला सांगितलं. हा माणूस १९०६ साली उस्मानी तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये जन्मला होता आणि १९२२ला त्याच्या कुटुंबाला ते शहर सोडावं लागलं होतं. त्याने दहा फुटांची गाडी केली. इंजिन आडवं बसवलं आणि चाकं कोपऱ्यांत नेली, म्हणजे चार माणसांना जागा उरेल. १९५९ साली मिनी बाजारात आली. हेतू होता काटकसर. पण जागा वाचवण्यासाठी केलेल्या युक्त्यांनी ती वळणांवर कुणालाच ऐकेना. रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरने ते हेरलं आणि १९६१ला मिनी कूपर आली. १९६४ साली बर्फातल्या माँटे कार्लो रॅलीत तिने मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकलं.

पुढे १९७६ला फोक्सवॅगनने साध्या गोल्फमध्ये ११० अश्वशक्तीचं इंजिन घालून जीटीआय विकायला काढली. कंपनीला वाटलं, पाच हजार खपतील. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त खपल्या. कारण सोपं होतं. सोमवार ते शुक्रवार ती ऑफिसला नेत होती, भाजी आणत होती, मुलांना शाळेत सोडत होती. रविवारी डोंगरात नेली की तीच गाडी वेगळी होत होती. ज्याला दोन गाड्या परवडत नाहीत त्याला ह्याची किंमत कळते.

आपल्याकडे ह्या जातीला कर आडवा आला. २००६च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली : लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत. त्यात बसणाऱ्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. सामान्य गिऱ्हाइकासाठी हे चांगलंच झालं, पण छोट्या अंगात मोठं इंजिन घालणं तोट्याचं ठरलं. स्विफ्टचं १.३चं इंजिनही २०१०मध्ये १.२चं झालं. मर्यादेत राहून ताकद काढायची वाट पुढे टर्बोने दाखवली. पुण्याजवळ चाकणला बनणारी पोलो जीटी २०१३ला आली, तिचं १२०० सीसीच्या आतलं इंजिन १०५ अश्वशक्ती देत होतं. २०२२ला तीही बंद झाली.

इथपर्यंतचं सगळं मी मुलाला सहज सांगू शकलो असतो. सांगायला जड जाते ती पुढची गोष्ट.

२००८चा पावसाळा. अब्बांचे डोळे दाखवून कराडहून परत येत होतो. अब्बा पुढे बसले होते. त्यांनी ह्या गाडीला कधी चांगलं म्हटलं नव्हतं आणि मला ते ऐकायचं होतं. घाट उतरताना मी जरा हात दाखवायला लागलो. एका डाव्या वळणावर गाडीत शिरतानाच स्टिअरिंग हलकं लागलं. पुढची चाकं पकड सोडतात तेव्हा असंच होतं, मला ते माहीत होतं. तरीही मी घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला. वजन पुढे आलं, मागची बाजू हलकी झाली आणि गाडी फिरली. समोरून वर येणाऱ्या टेम्पोवाल्याने कचकन ब्रेक मारला. आमची गाडी दरीच्या कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

टेम्पोवाल्याने शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. अब्बा खाली उतरले. छत्री न उघडता पावसात उभे राहिले. मग मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसले. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. माझ्या गाडीत बसायचे, पण पुढच्या सीटवर पुन्हा कधी बसले नाहीत. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. पुढची सीट रिकामी आणि आरशात अब्बांचा चेहरा, असा प्रवास मी नऊ वर्षं केला.

त्या रात्री मी मामूंना फोन केला होता. वाटलं, ते स्पीड विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं, "टायर देखे थे?" पाहिले नव्हते. पुढचे दोन्ही टायर गोटा झाले होते. गाडी काय बोलते ते ऐकायचा मी शौकीन, आणि ती दोन महिने ओरडून सांगत होती ते ऐकलं नव्हतं. स्पीड दुप्पट झाली तर थांबायला चौपट अंतर लागतं, हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवत होतो.

तर, इतकं काय आहे ह्या गाडीत? मजा आहे, हे खरं. पण मजेइतकाच हिशेबही आहे. ही गाडी माझी चूक लपवत नाही. मी नीट चालवलं तर लगेच कळतं आणि चुकलो तर त्याहून लगेच. अलीकडच्या मोठ्या, जड, शांत गाड्यांत बसलं की ऐंशीची स्पीड चाळीससारखी वाटते. पुष्कळांना तेच हवं असतं आणि त्यांचं बरोबरही असेल, लांबच्या प्रवासात मलाही तीच बरी वाटते. पण मला चाळीसची स्पीड चाळीससारखीच वाटलेली हवी.

पुरानंतर चार महिने गाडी ताडपत्रीखाली होती. आधी घर उभं केलं. मग मिस्त्रीने सगळं ऑइल काढलं, सीट उन्हात वाळवल्या, वायरिंग बदललं. नोव्हेंबरात ती चालू झाली. पासिंग होऊन पाच वर्षांची मुदत मिळाली, तीही २०२६ला संपते.

मुलाला आता लायसन्स मिळालंय. त्याच्या मोबाइलवर फटाके वाजवणाऱ्या सायलेन्सरच्या गाड्यांचे व्हिडिओ असतात. मागच्या महिन्यात त्याला घेऊन कुंभार्लीला गेलो. आधी मी चालवली. चार-पाच वळणांनंतर त्याने वाकून मीटर पाहिला. "पंचावन्नच?" त्याला वाटलं होतं, ऐंशी तरी असेल.

उतरताना तो बसला, मी शेजारी. रस्ता थोडा ओला होता. त्या डाव्या वळणाच्या बरंच आधी त्याने स्पीड कमी केली. मी त्याला त्या जागेबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. विचारलं, का रे?

"मागच्या वळणाला स्टिअरिंग हलकं वाटलं."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मशिदीतून परत आलो तर तो अंगणात पुढच्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि टायरच्या खाचेत रुपयाचं नाणं घालून बघत होता.