दवातली रेघ

डिसेंबरातली सकाळ, सात वाजायला आले होते. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर सरावाच्या ग्रीनवर दव इतकं दाट साचलं होतं की हिरवं गवत राखाडी दिसत होतं. भाच्याने पटर, म्हणजे होलकडे चेंडू हळूच ढकलायची काठी, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मावशी, एक मारून तर बघ." मी मारला. चेंडू निघाला आणि त्याच्या मागोमाग दवात एक गडद हिरवी रेघ उमटत गेली. आधी सरळ, काना काढावा तशी. मग किंचित डावीकडे कललेली. आणि शेवटच्या दोन-तीन फुटांत तर अशी वळली की थेट वेलांटीच! चेंडू होलच्या खालच्या अंगाने निघून गेला, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी रेघेकडे बघत उभी होते. मी तर सरळ मारला होता. मग ही वेलांटी कोणी काढली?

त्याला आज तीन आठवडे झाले आणि ती रेघ काही डोळ्यांपुढून हलत नाही.

मी कॅरमवर वाढले. आमच्या घरी मे महिन्यात सकाळी बोर्ड मांडला की रात्री जेवणाची पानं घेईपर्यंत उठत नसे. नजर सरळ, बोट स्थिर, बोरिक पावडर बेताची, की सोंगटी गेलीच. पटिंगही तसंच असणार, असं मी धरून चालले होते. हात ज्याचा थरथरत नाही तो चांगला. पण कॅरमचा बोर्ड सपाट असतो हो! ग्रीन सपाट नसते. लांबून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या हिरवळीत उतार असतात, उतारात उतार असतात, आणि चेंडू ते सगळे उतार वाचत जातो. आपल्याला ते त्याच्या आधी वाचायचे असतात.

कसे वाचायचे, ते मला तिथल्या एका कॅडी मामांनी दाखवलं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या बॅगा वाहिल्या आहेत. ते म्हणाले, "ताई, डोळं मिटा आणि उभ्या राहा. आता सांगा, कुठल्या पायावर वजन जास्त येतंय?" मी डोळे मिटले. क्षणभर काहीच कळेना, आणि मग डाव्या तळव्याच्या बाहेरच्या कडेला हलकासा भार जाणवला. डोळ्यांना न दिसलेला उतार पायांना कळला होता! नंतर भाच्याने सांगितलं की मार्क स्वीनी नावाच्या अमेरिकन माणसाने याचीच एक पद्धत बसवली आहे. तिचं नाव एमपॉइंट. पायांनी उतार जोखायचा, त्याला आकडा द्यायचा आणि तेवढी बोटं डोळ्यांसमोर धरून निशाणा ठरवायचा. अ‍ॅडम स्कॉटसारखे खेळाडू ती वापरतात. आमच्या मामांना ते नाव ठाऊक नाही, पाय मात्र चोख ठाऊक आहेत.

पण उतार ही अर्धीच गोष्ट. दुसरी अर्धी मामांनी सांगितली तेव्हा मला खरोखर काटा आला. मी त्यांना विचारलं, "मामा, लाइन कुठली धरू? किती बाहेर मारू?" ते म्हणाले, "आधी सांगा, होलपाशी चेंडू पळत न्यायचाय की चालत न्यायचाय? त्यावर लाइन ठरती."

म्हणजे लाइन अशी वेगळी नसतेच! एकाच जागेवरून, एकाच उतारावर, जोरात मारलात तर चेंडू जवळपास सरळ जाईल; हळू मारलात तर त्याला वळायला जास्त वेळ मिळेल आणि तो जास्त वळेल. दवातली वेलांटी शेवटीच का आली, ते मला तिथल्या तिथे उमगलं. सुरुवातीला चेंडू जोरात असतो, उताराला त्याचं फारसं काही करता येत नाही. तो मंदावला की उतार त्याला धरतो. चांगला पटर (खेळणाऱ्यालाही पटरच म्हणतात) मारायच्या आधी तो शेवटचा मंदावलेला फूटभर रस्ता बघतो आणि तिथून उलटा चेंडूपर्यंत येतो.

घरी आले आणि वाचत सुटले. आणि वाचता वाचता कळलं की वेगावर फक्त लाइन ठरत नाही, होल केवढा तेही ठरतं!

होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच. सेंट अँड्र्यूजच्या आर अँड एने १८९१ मध्ये हे माप पक्कं केलं. चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर. आता बघा, चेंडू होलवर आला की त्याला खाली पडायला वेळ लागतो. निम्मा चेंडू कडेच्या खाली उतरायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग. तेवढ्या वेळात तो पलीकडच्या कडेला पोचला नाही तर आत गेला. त्याआधीच पोचला तर कडेवर आपटला. ब्रायन होम्स या भौतिकशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये याचं गणित मांडलं: सपाट ग्रीनवर चेंडू अगदी मधोमध आला, तरी सेकंदाला सुमारे १.६३ मीटरहून जास्त वेगात असेल तर तो आत राहत नाही. आणि हे मधोमध आला तर! कडेकडेने येणाऱ्या चेंडूला होलवरचा रस्ताच आखूड मिळतो, म्हणून त्याला आणखी हळू यावं लागतं. पळत येणाऱ्या चेंडूसाठी होल जणू मधल्या बोटभर जागेपुरता उरतो. चालत येणाऱ्याला मात्र सगळेच्या सगळे १०८ मिलिमीटर उघडे असतात, पुढून, बाजूने, कुठूनही.

मी वही काढून आणखी एक हिशेब केला. पटरचं तोंड एका अंशाने वाकडं राहिलं आणि चेंडू तेवढाच वाकडा निघाला, तर तीन मीटरवर तो किती चुकेल? सव्वापाच सेंटीमीटर. आणि होलच्या मध्यापासून कड किती लांब? ५.४ सेंटीमीटर! म्हणजे एका अंशाची चूक झालेला चेंडू कडेच्या अगदी आतल्या बाजूला पोचतो. जोरात असेल तर गेला बाहेर. हळू असेल तर कडेवरून डुलत आत. वेग बरोबर असला की हाताची चूक पदरात घेतली जाते. रात्री साडेअकरा वाजता मी हे आकडे परत परत बघत होते.

मग किती हळू? अगदी कडेपाशी मरेल इतका? डेव्ह पेल्झ नावाचे एक गृहस्थ नासात संशोधक होते. ते काम सोडून ते पटिंग शिकवायला लागले. त्यांचं म्हणणं असं की होल नसताच तर चेंडू साधारण १७ इंच पुढे जाऊन थांबला असता, इतक्या वेगाने मारावा. कारण होलभोवती दिवसभर लोकांची पावलं पडून गवत दबतं, खळगे होतात आणि अगदी मरत आलेला चेंडू त्यात भरकटतो. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी काही न बोलता होलच्या पलीकडे हातभर अंतरावर एक रुपयाचं नाणं ठेवलं. "रुपयाला मारा. होल मधी येईल." हातभर म्हणजे जवळपास तेच १७ इंच!

आणि हा वेग प्रत्येक ग्रीनवर वेगळा. १९३५ च्या यूएस ओपनला ओकमाँटच्या ग्रीनवरून जीन साराझेनचा पट घरंगळत थेट बंकरमध्ये गेलेला एडवर्ड स्टिम्पसनने पाहिला आणि ग्रीनचा वेग मोजायला एक साधी खाचेची पट्टी बनवली. पट्टी हळूहळू उचलायची, सुमारे २० अंशांना चेंडू खाचेतून सुटतो, आणि सपाटीवर तो जितके फूट घरंगळेल तितका त्या ग्रीनचा आकडा. स्टिम्पमीटर तो हाच.

पण ज्या गोष्टीने मी सगळ्यात जास्त हरखले ती गवताची. आपल्याकडच्या उष्ण हवेत ग्रीनवर बहुधा बर्म्युडा जातीचं गवत असतं. या बर्म्युडाचं शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे आपली हरळी, गणपतीच्या दूर्वा! ग्रीनवरचे वाण संकरित, पात्याने बारीक, पण घराणं तेच. मी गुडघे टेकून त्या गवताला हात लावला तेव्हा भाद्रपदातल्या सकाळी निवडलेल्या जुड्याच आठवल्या. हे गवत सरळ वर न वाढता आडवं धावतं, आणि ज्या दिशेला धावतं तिला म्हणायचं ग्रेन. ग्रेनबरोबर चेंडू सुसाट, ग्रेनच्या विरुद्ध अडखळत. उन्हात ग्रीन चकाकती दिसली तर ग्रेन आपल्यापासून लांब जाणारा, काळपट दिसली तर अंगावर येणारा. मामांनी तर होलच्या कडेवर बोट ठेवून दाखवलं: एका बाजूची कड स्वच्छ कापलेली, समोरची जराशी विस्कटलेली, तपकिरी. ग्रेन त्या तपकिरी कडेकडे वाहतो. एवढ्याशा कडेत ही सगळी माहिती, आणि माणसं तिच्यावरून चालत जातात!

हे कळल्यावर ७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ मला नव्याने आठवली. तुम्हालाही आठवत असेल. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने सोनं आणलं, म्हणून सकाळ थोडी मागे पडली. त्या सकाळी आपण निम्मा देश गोल्फमधलं काहीही न कळता टीव्हीसमोर बसलो होतो, कारण बंगळुरूची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये पदकाच्या वाटेवर होती. कोविडमधून उठलेली, फटक्याच्या लांबीत बाकीच्यांच्या खूप मागे. आणि तरी चार दिवस ती पहिल्या चार-पाचांत, नेली कोर्डा आणि लिडिया को यांच्या खांद्याला खांदा लावून! कशाच्या जोरावर? पटिंगच्या. दुसऱ्या मुली तिच्यापुढे कितीतरी लांब चेंडू टाकायच्या आणि ग्रीनवर आल्यावर ही बरोबरी साधायची. बॅग घेऊन बरोबर चालत होती तिची आई. शेवटच्या होलवरचा तिचा पट पडला असता तर पदकाच्या प्लेऑफमध्ये ती असती. नाही पडला, एका फटक्याने ती चौथी आली. त्या दिवशी मी हळहळून टीव्ही बंद केला होता. आता कळतं की लांबच्या पटात जगातले भलेभलेही बहुतेक वेळा चुकतातच. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे पुरुष आठ फुटांवरून निम्म्याच वेळा होल साधतात, वीस फुटांवरून सातांतून एकदा. अशा खेळात त्या मुलीने चार दिवस काय करून दाखवलं होतं, ते मला साडेतीन तास समोर बसूनही दिसलं नव्हतं.

आणि कोलकात्याचा एसएसपी चौरसिया! वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर, म्हणजे त्या गवताची निगा राखणारे. पोरगा तिथेच वाढला. लांब मारणाऱ्यांत त्याचं नाव कधी नव्हतं, पण होलच्या आसपास असा की लोकांनी त्याचं नावच 'चिपपटसिया' केलं. २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन त्याची. ग्रीन कापणाऱ्याच्या घरात ग्रेन वेगळा शिकवावा लागत नसेल.

एक गोष्ट मात्र वाचून मी पुस्तक मिटून गप्प बसले. टेक्सासातल्या ऑस्टिनचे हार्वी पेनिक हे गुरू आणि बेन क्रेनशॉ हा त्यांनी लहानपणापासून घडवलेला शिष्य. १९९५ चा वसंत. पेनिक नव्वदीचे, अंथरुणाला खिळलेले. क्रेनशॉचं पटिंग बिघडलेलं. म्हाताऱ्याने त्याला पलंगाशी उभं केलं आणि जुना लाकडी दांड्याचा पटर हाती देऊन मारायला लावलं, तिथेच, त्या खोलीत. तो शेवटचा धडा. २ एप्रिलला गुरू गेले. बुधवारी शिष्याने त्यांना खांदा दिला, आणि त्या रविवारी, ९ एप्रिलला, त्रेचाळिसाव्या वर्षी तो मास्टर्स स्पर्धा जिंकला. मास्टर्स जिथे भरते त्या ऑगस्टाच्या निसरड्या ग्रीनवर चार दिवसांत, बहात्तर होलमध्ये, एकदाही त्याला तीन पट लागले नाहीत. शेवटचा चेंडू पडला आणि तो जागच्या जागी वाकून रडला. हे लिहितानाही मला गलबलून येतंय.

आता माझा रोजचा परिपाठ सांगते. रात्री स्वयंपाकघर आवरलं की लेकीची स्टीलची फूटपट्टी फरशीवर ठेवते, तिच्या टोकावर चेंडू ठेवते आणि मारते. पटरचं तोंड जराही वाकडं असलं तर चेंडू पट्टीवरून उतरतो. सरळ असलं तर बाराही इंच तिच्यावरून जातो. आणि नजर! कॅलगरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी १९९२ मध्ये खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तेव्हा दिसलं की कसलेले खेळाडू चेंडूवरच्या एकाच बिंदूवर दोन-तीन सेकंद नजर रोवतात आणि फटका बसल्यावरही क्षणभर ती तिथेच, रिकाम्या जागेवर ठेवतात. मी करून बघितलं. चेंडू गेलाय, आणि मी अजून फरशीच्या ठिपक्याकडे बघतेय. त्या क्षणात घर इतकं शांत होतं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते.

काल परत येरवड्याला गेले. दव होतंच. मामांनी पंधरा-सोळा फुटांवर चेंडू ठेवला, उतार उजवीकडून डावीकडे. मी डोळे मिटून पायांना विचारलं. होलच्या कडा बघून आले. रुपया पलीकडे ठेवला. शेवटचा फूट मनात आधी चालवला, मग मागे मागे येत चेंडूपर्यंत आले, आणि मारला.

रेघ उमटत गेली. काना. मग कल. मग ती वेलांटी, बरोबर जिथे मी मनात काढली होती तिथे. चेंडू होलच्या वरच्या कडेशी आला आणि थांबला. अर्धा आत झुकलेला, अर्धा बाहेर. मी पुढे धावणार तोच मामांनी हात आडवा केला. नियमच आहे म्हणे: कडेवर टेकलेल्या चेंडूपाशी वाजवी वेळात चालत जायचं आणि तिथे पोचल्यावर दहा सेकंद थांबता येतं. तेवढ्यात पडला तर पडला.

आम्ही चालत गेलो. शेजारी उभे राहिलो. मामा मोजायला लागले. एक. दोन. तीन. एका पात्यावरचं दव चेंडूच्या बुडाशी चमकत होतं. चार. पाच. भाचा श्वास रोखून. सहा.

"सात," मामा म्हणाले, आणि गवताचं ते पातं हललं.