अडतं ते अक्षर, भाषा नव्हे

माझा नातू तिसरीत आहे. आम्ही मराठी, सूनबाई धारवाडची; त्यामुळे म्हापशाच्या आमच्या घरात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. मी त्याची कधी आजी, कधी अज्जी. बोलायला पोपट, पण पुस्तक उघडलं की बोट अक्षराअक्षरावर थांबतं. पाहुण्यांनी सल्ला दिला, "दोन लिपींचा गोंधळ आहे, कन्नड बंद करा." सून रडवेली झाली. म्हणाली, "आई, मग हा माझ्या अप्पांची पत्रं कशी वाचणार?"

म्हणून मी या विषयावर वाचायला लागले. जपानमध्ये वाढलेल्या, घरी इंग्रजी बोलणाऱ्या एका मुलाचा अभ्यास वायडेल आणि बटरवर्थ या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. तो इंग्रजी वाचताना फार अडखळे, जपानी मात्र उत्तम वाची. जपानी काना अक्षरांत एका चिन्हाचा बहुधा एकच उच्चार. इंग्रजीत तसं नाही. अर्थात जपानी मुलांनाही सगळं सोपं नसतं. प्राथमिक शाळेत १०२६ कांजी चिन्हं शिकायची असतात. 'सेन्सेई' म्हणजे गुरुजी. त्यातलं दुसरं चिन्ह 'वाढदिवस' या शब्दात वेगळंच वाचतात. तिथेही काही मुलं अडतातच.

आपल्या लिपी उच्चाराशी प्रामाणिक, पण त्यांचेही चकवे आहेत. 'किती'तली पहिली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. 'सूर्य'मधला 'र' ऐकू येतो आधी, पण बसतो 'य'च्या डोक्यावर. कन्नडमध्ये तोच 'र' अर्कावत्तु होऊन अक्षराच्या मागे जातो. मराठीत जोडाक्षरं बहुधा शेजारी उभी राहतात, कन्नडमध्ये ओत्तक्षर खाली लोंबतं. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी उजाडते, कधी त्याहूनही वेळ लागतो.

तेव्हा तिसरीतलं मूल सावकाश वाचतं म्हणून त्याला आळशी म्हणू नये, आणि आईची भाषा तर मुळीच तोडू नये. एक भाषा बंद केल्याने दुसरी वाचता येत नाही. दोन्ही लिपी एकदमच न रेटता एक थोडी पक्की करून दुसरी घ्यावी, रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचावं, जोडाक्षर फोडून दाखवावं. एवढं करूनही वर्षभरात फरक पडला नाही, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, शक्यतो दोन्ही भाषांत. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. चष्मा लागला तर आपण मुलाला रागावतो का?